वळच्या दिशेचा भोंगा

माघ उतरणीला लागला की माझे कान अजून टवकारतात. खरं तर भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर लांबचं काही ऐकू यायची सोयच उरलेली नाही. खाली रिक्षावाले एकमेकांच्या नावाने ओरडत असतात, मागच्या गाळ्यातले यंत्रमाग दोन्ही पाळ्यांना खडखडत असतात, आणि आमचा पंखा गेली कित्येक वर्षं दुरुस्त होणार आहे. तरी कान लागतात. कुठे एखादा भोंगा सुरू झालाय का? हळद लागली का कोणाच्या दारात? मग मीच स्वतःला म्हणते, बये, भोंगे गेले, ज्या ताडांवर ते टांगायचे ते ताडही गेले. आता कोणाची हळद लागली की ती कानांना नाही, बरगड्यांना कळते.

परवा भाच्याच्या मुलीची हळद होती. वळ गावात, एका लॉनवर. आजूबाजूला गोदामंच गोदामं, मध्ये हिरवळीचा तुकडा, आणि एका कोपऱ्यात माणसाच्या उंचीच्या डीजेच्या काळ्या पेट्या एकावर एक रचलेल्या. त्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या हातातल्या सरबताला लाटा आल्या. मी कानात कापसाचे बोळे घालून बसले, तर भाचेसून हसत जवळ आली. "आत्या, तुमच्या वेळी काय वाजायचं हो हळदीला?"

मी म्हटलं, "अनसूबाय."

"कोण?"

ती बिचारी सहज म्हणाली. तिचा काय दोष? पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या म्हातारीने त्या 'कोण'वर मान वर केली. पार्वतीवहिनी होती ती, अनसूबायच्या भावाची बायको. ऐंशीच्या पुढे गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती पुढे काय बोलली ते शेवटी सांगते, कारण ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही, आणि आधीचं सांगितल्याशिवाय ते कोणाला कळायचं नाही.

आमचं गाव अंजूर. सत्तरच्या दशकातलं अंजूर म्हणजे पुढे खाडी, मागे भातशेती. भात झोडून घरात आलं, पेंढ्याच्या उडव्या रचल्या, की शेतं कशी मोकळी-मोकळी होऊन जायची. ओलाव्यावर टाकलेला वाल तेवढा हिरवा. मग माघापासून राब भाजायला सुरुवात व्हायची. पुढच्या पेरणीची जागा आधी पालापाचोळा, शेणी घालून भाजून घ्यायची, त्याचा धूर संध्याकाळी शेतांवर आडवा पसरायचा. त्या धुरातच लग्नसराई यायची. हळदीचा वास, राबाचा वास, आणि खाडीवरच्या वाऱ्याला सुक्या बोंबलांचा वास. हे तिन्ही एकत्र नाकात गेले की आमच्या मुली लाजायला लागायच्या, इतकं ते ठरलेलं.

आणि ताडावर भोंगा. आमच्या पट्ट्यातला भोंगेवाला म्हणजे माझा दामूकाका, बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे दोन भोंगे, एक रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, एक बॅटरी, आणि पिनांची पत्र्याची डबी. हे सगळं बैलगाडीत घालून तो गावोगाव हिंडायचा. आपण नवरदेवापेक्षा मोठे आहोत अशीच त्याची समजूत होती. आणि खोटं कशाला बोलू, तो आला की पोरं नवरदेवाला सोडून त्याच्याच मागे धावायची. "हात न्हाय लावाचा कोनी! वायर हाय, वायर!" एवढंच तो दिवसभर ओरडायचा.

त्याच्या पेटीत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी होत्या, आरत्या होत्या, सनई होती. पण मांडवाला पान लागलं, म्हणजे त्यावर हिरवा पाला चढला, की पहिली रेकॉर्ड वाजायची ती अनसूयाची. वळची अनसूया. आम्ही सगळे अनसूबाय म्हणायचो. तिची आई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी लावून देणारी. लेकीने गळा आईचा घेतला. नवरा दोन पावसाळेही टिकला नाही, सापाने गेला, आणि ती वळला भावाच्या घरी परत आली. भाताच्या लावणीला जायची, कापणीला जायची, लग्नाला गायची. एका लग्नात मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीतला कोणी पाहुणा आला होता. त्याने तिचं गाणं ऐकलं, आणि पुढच्या सराईला बघतो तर काय, तिची रेकॉर्ड! काळी कुळकुळीत, मध्ये लाल कागद. दामूकाकाने ती आणली त्या दिवशी आमच्या ओट्यावर निम्मं गाव जमलं होतं. आमच्यासारखं बोलणारी, आमच्यासारखी चिखलात उभी राहणारी बाई त्या तबकडीतून गात होती. माझी आई पदर तोंडाला लावून नुसती रडत होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "काय न्हाय गो. बरा वाटतंय."

गाणं साधंच होतं. एका बहिणीला भावाच्या लग्नाचं बोलावणं राहून गेलेलं. ती न बोलावता येते, आणि दारातच थांबते.

*उभी मांडवाचे दारी गो, मना कोन बोलवील?*

आत सगळे नाचतायत. शेवटच्या कडव्यात भाऊ बाहेर येतो, तिचा हात धरतो, आणि तिथे अनसूबाय असा काही सूर लावायची की अख्खा मांडव "आलो गो बाय!" म्हणून ओरडायचा. ते रेकॉर्डमध्ये नव्हतं. ते आम्ही घालायचो. रेकॉर्ड आमच्यासाठी तिथे थांबते आहे असंच वाटायचं.

गावातच नाही, शहरातही तिचं वेड होतं. नाक्यावर एक चहाचं हॉटेल होतं, तिथे मागावरची माणसं शिफ्ट सुटली की यायची. त्यातला इद्रिसभाई माझ्या बाबांच्या ओळखीचा, कारण बाबाही एका कारखान्यात ड्युटीला होते. त्याला मराठी अर्धीमुर्धी कळायची, पण हॉटेलवाल्याला रोज सांगायचा, "अनसूबाई का लगाओ, भाई." बाबांनी एकदा विचारलं, तुला त्यातलं कळतं काय? तर म्हणाला, "दिनभर लूम के सामने रहता हूँ, भाऊ. फिर कोई आवाज़ कान में घुसती नहीं. ये घुसती है."

आवाज होताच तसा. बारीक नाही, गोड नाही. एका बांधावरून चौथ्या बांधावर पोचायला तयार झालेला. रेकॉर्ड काढताना म्हणे तिला माईकपासून लांब, पार दाराजवळ उभी केली होती. हे तिनेच आईला सांगितलं होतं, हसत हसत. "मना बोलले, बाय, तू भायेरच उभी ऱ्हा."

मग एका साली माघी गणपतीत नाक्याजवळच्या मैदानात तिचा कार्यक्रम ठेवला. तिचा पहिलाच मोठा, तिकीट नसलेला, पण स्टेज, पडदा, दिवे सगळं असलेला. अध्यक्ष म्हणून ठाण्याचे एक पंडित, संगीतातले मोठे जाणकार, आले होते. त्यांचं नाव मी घेणार नाही. तेही आता नाहीत, आणि त्यांच्यामागे त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आम्ही अंजूरहून बैलगाड्या जोडून गेलो. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. मागच्या बाजूला मागावरची माणसं उभी, इद्रिसभाई सगळ्यांत पुढे.

स्टेजवरच्या मंडळींनी तिला हौसेने अगदी माईकला चिकटवून उभी केली. तिला कुठे माहीत? तिने पहिला सूर लावला आणि माईक असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. कोणीतरी धावत जाऊन काहीतरी पिळलं. तिने पुन्हा सुरुवात केली. आम्ही मागून टाळ्या, शिट्ट्या, "अनसूबाय!" मैदान नुसतं पेटलं होतं. शेवटच्या कडव्याला आमचा "आलो गो बाय!" गेला तो खाडीपर्यंत गेला असेल. ती स्टेजवर उभ्या उभ्या रडत-हसत होती.

मग अध्यक्ष बोलायला उठले. पांढरं धोतर, करडा कोट, आवाज अगदी मऊ. त्या मऊपणामुळे पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही.

"आपण आत्ता जे ऐकलंत," ते म्हणाले, "ते गाणं नव्हे. ती हाळी आहे. शेताच्या या टोकाहून त्या टोकाला घालतात ती. सूर कशाशी खातात हे या बाईंना कोणी शिकवलेलं नाही, आणि आता शिकवून उपयोगही नाही. दिवसभर मागांच्या खडखडाटात बसून ज्यांचे कान बोथट झालेत त्यांना हे गोड वाटलं तर नवल नाही. पण लोकप्रियता म्हणजे कला नव्हे, एवढं तरी मी या व्यासपीठावरून सांगितलं पाहिजे."

अनसूबाय त्यांच्या शेजारीच बसली होती. मांडीवर सत्काराचा नारळ आणि शाल. ती खाली बघत होती, आणि नारळाची शेंडी बोटाने सरळ करत होती.

मागे इद्रिसभाईने कोणाला तरी विचारलं, "क्या बोले साहब?" त्याने सांगितलं. इद्रिसभाई आपल्या कानाला हात लावून म्हणाला, "हमारे कान?" एवढंच. रागाने नाही. लहान पोराला सगळ्यांसमोर मारल्यावर ते जसं बघतं तसा बघत होता.

आज मी म्हातारी झाले, चार चांगली गाणी ऐकली, तर म्हणेन, त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. माईकपुढे ते गाणं वाईटच वाजलं. आणि हाळी ती होतीच. आईने शेतावरून हाळी घातली तर आम्ही तिला काय सुरात घाल म्हणायचो? पण माणसाला तिच्याच माणसांपुढे, तिच्याच सत्काराचा नारळ मांडीवर असताना असं बोलायचं असतं होय? शिकलेल्याला एवढी साधी रीत नाही? जाऊ दे. माझा संताप त्यांच्यावर होता तोवर सोपं होतं.

ती खाली उतरली तेव्हा आमच्या बायकांनी तिला गराडा घातला. ती म्हणाली, "झाला ना गो बरा?"

"झकास झाला!" सगळ्या एकदम.

"माईक लय जवळ होता." मग थोडं थांबून म्हणाली, "त्ये मोठं मानूस. त्याचा त्याला कळतंय. आपला आपल्याला." आणि हसली. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तुझ्या हळदीला मीच येनार हाय, ध्यानात ठेव." मी लाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे सगळं गाव जमलं. एकाचं म्हणणं, ठाण्याला जाऊन त्याच्या दारात शेण टाकू. दुसऱ्याचं म्हणणं, पुढच्या वेळी तो आला की बघू. बाबा म्हणाले, कारखान्यातली माणसंही भडकलीत. सगळ्यांचं ओरडून झाल्यावर नाना पाटील बोलले. नाना गावातले वडीलधारे, गावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"मान मोडलाय," नाना म्हणाले. "मान मोडला तर आपल्यात काय करतान? वाजप बंद."

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात मान मोडला की मानाचं माणूस रुसतं. नवरीच्या मामाला टोपी द्यायची राहिली, आत्याला पाटावर बसवलं नाही, एवढंही पुरतं. मामा भांडत नाही. गुपचूप उठतो आणि मांडवाबाहेर झाडाखाली जाऊन बसतो. तो उठला की वाजप थांबतं. ढोल गप, भोंगा गप. सगळा मांडव कसा ओकाबोका होऊन जातो. मग ज्याच्याकडून चूक झाली तो धावत जातो, हातापाया पडतो, टोपी घालतो, आणि मामा उठला की वाजप दुप्पट जोराने सुरू होतं. या सगळ्याला रुसवा म्हणायचं. आणि आणखी एक. मांडवात कितीही गोंधळ होवो, नवरीच्या कानावर घालायचं नाही. तिने तिच्या वेळेआधी रडू नये म्हणून.

"पंडित येऊन अनसूची माफी मागत न्हाय तवर तिची रेकाट वाजवाची न्हाय," नाना म्हणाले. "कंच्याच मांडवान न्हाय. आन् अनसूच्या कानाव कोनी घालाचा न्हाय. नवरीला सांगतात काय?"

कोणीतरी विचारलं, "पन नाना, पंडिताला कळल कसा?"

नाना त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं काही त्याने भात कुठे उगवतं विचारलं. "वाजप बंद पडल्याव कळत न्हाय असा मानूस कंचा हाय?"

कोणी हसलं नाही. आम्हाला सगळ्यांना ते पटलं. मलासुद्धा! मॅट्रिकच्या वर्गात होते मी, पुस्तकं वाचायची, पण मलाही ते किती थोर वाटलं. आपण गप्प बसायचं, आणि मग एके दिवशी बैलगाडीतून तो करडा कोट खाली उतरणार, अनसूबायच्या दारात जाणार, नारळ देणार. बायकांनी तर त्या दिवशी काय रांधायचं तेही ठरवून ठेवलं होतं. दामूकाकाने रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट हळदीच्या पिवळ्या फडक्यात बांधलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. निरोप गावोगाव गेला. खुद्द वळातही गेला. तिच्या भावाला सांगितलं, त्याची छाती फुगली, आणि त्याने घरातल्यांना दम भरला, बोलायचं नाही. बाबांनी नाक्यावर सांगितलं. इद्रिसभाई म्हणाला, "बराबर है. हमारे होटल में भी नहीं बजेगा." आणि खरंच, सगळ्यांत कडक त्यांनीच पाळलं.

काय सराई होती ती! लग्नं ढिगाने. सावरी फुलल्या, पळस फुलले, करवंदं काळी पडायला लागली, ताडगोळे आले. रोज कुठल्या ना कुठल्या गावात भोंगा. सनई वाजायची, सिनेमाची गाणी वाजायची, आणि मांडवाला पान लागलं की दामूकाका यंत्र बंद करायचा. तिच्या गाण्याच्या वेळेला भोंगा गप. माणसं हात जोडून उभी राहायची, कोणी बोलायचं नाही, वारा तेवढा मांडवाच्या पानांतून सळसळायचा. म्हातारी माणसं डोळे पुसायची. मग सनई लावायची. तिच्या गाण्याला एवढा मान आम्ही ते वाजत असताना कधी दिला नव्हता. हे मी अगदी खरं सांगते. त्या सराईत जितकं प्रेम तिच्या वाट्याला आलं तितकं कुठल्या गाणारणीच्या वाट्याला आलं नसेल. फक्त ते तिला ऐकू येत नव्हतं.

आणि पंडित? त्यांना वळ कुठे, अंजूर कुठे, आमच्या ताडांवर काय वाजतं आणि काय नाही, याचं काय सोयरसुतक? ते आपले ठाण्यात शिष्यांना शिकवत असतील, दुपारी वामकुक्षी घेत असतील. रुसायला समोर आपलं माणूस लागतं, हे आम्हाला कोणालाच सुचलं नाही. परक्यावर रुसून आपण आपल्याच दारात वाजप बंद करून बसलो होतो.

वैशाखात आई आणि मी वळला गेलो, आईच्या मावशीकडे. उन्हातून चालत गेलो आणि वाटेत अनसूबायचं घर लागलं म्हणून पाणी प्यायला थांबलो. ती ओट्यावर वालाचे दाणे पाखडत बसली होती. उन्हाळ्याने रापली होती, वाळली होती. पाणी दिलं, गूळ दिला, कैऱ्या दिल्या बांधून. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग सुपाकडे बघतच तिने विचारलं, "यंदा अंजुराला लग्ना न्हाय झाली काय?"

आई चपापली. मी आईकडे बघितलं. आईला खोटं बोलता यायचं नाही, आणि गावकीचा शब्द मोडता यायचा नाही. "झाली की गो," आई म्हणाली. "पुष्कळ झाली."

"हं," अनसूबाय म्हणाली. "वारा तिकरचाच हाय. सनई येते ऐकाला."

मग ती पुन्हा पाखडायला लागली. आईने घाईघाईने कैऱ्यांचं विचारलं, ही रायवळ का, लोणच्याला चालेल का. त्या माणसाने ज्या आवाजाला नावं ठेवली तो आवाज कैरीच्या लोणच्याला मीठ किती घालायचं ते सांगत होता. परतताना वाटेत आई म्हणाली, "पंडित आयला का समदा सांगू तिला. किती खूश होल." पण तिचं पाऊल भरभर पडत होतं.

पाऊस आला. पंडित आले नाहीत. लावणी झाली, कापणी झाली, झोडणी झाली. पुन्हा माघ आला. आणि या वेळी माझीच हळद होती.

नानांनीच तोडगा काढला. म्हणाले, पोरीच्या हळदीला रुसवा नको. तो पंडित हाय बिनरीतीचा, त्याची वाट किती बघाची? अनसूला बोलवा, रेकाट लावा, तिला समदा सांगा. गाव केवढं खूश झालं! दामूकाकाने फडकं सोडलं, नवी पिन घातली. दुपार कलली होती. मला पाटावर बसवलेलं, अंगभर हळद, पाटावरून उठायचं नाही असा सगळ्यांचा धाक. अनसूबाय आली. शब्द दिला होता ना. बायकांच्या रांगेत बसून हळद लावली मला, गाल धरले. धवल्याची वेळ झाली तेव्हा बायका म्हणाल्या, "अनसूबाय, तू सुरू कर." तर म्हणाली, "न्हाय गो. घसा बरा न्हाय." आम्हाला वाटलं, खरंच बरा नसेल.

मग दामूकाकाने रेकॉर्ड लावली.

*उभी मांडवाचे दारी गो…*

वर्षभराने ते सूर त्या ताडावरून आले आणि मांडवातल्या माणसांच्या अंगावर काटा आला. सगळे तिच्याकडे बघत होते, हसत होते, आता तिला सांगायचं म्हणून उतावीळ झालेले. अनसूबाय उठली. हळदीचे हात तसेच. सरळ दामूकाकाजवळ गेली आणि म्हणाली, "बंद कर रं दामू."

"का गो?"

"मी आयले म्हनून लावतस ना? दया नको."

दामूकाकाने घाबरून हात पुढे केला, पिन घसरली, खर्रकन आवाज झाला. मग एकच गलका. सगळे एकदम सांगायला लागले. नाना पुढे आले, "अगो, दया कंची? रुसवा होता आमचा! तुज्यासाठी! पट्ट्यातल्या येका मांडवान तुजी रेकाट वाजवू दिली न्हाय आमी!"

तिने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. एकेकाच्या. माझ्या आईकडे जास्त वेळ.

"मंग मना का न्हाय सांगलात?" ती म्हणाली. "मी पन बसले असते ना तुमच्यान, रुसून."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"त्यो बोलला, हाळी हाय. हाय की. माज्या आयशीची हाळी हाय. मना त्याचा कायेक वाटला न्हाय, त्यो परका. पन मी सांजची बांधाव जाऊन बसाची. म्हनाची, आज अंजुराला हळद हाय, आता लागल. सनई यवाची, समदा यवाचा. हाळी घातली आन् येका गावान ओ दिली न्हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "मना वाटला, त्याचाच खरा होता. तुमाला आधी कळला नवता, त्याने सांगल्याव कळला."

आई रडत तिच्याकडे धावली. मला उठायचं होतं. बायकांनी खांदे दाबून धरले, नवरीने पाटावरून उठायचं नसतं. नाना म्हणाले, "अनसू, देवाशपथ सांगतो—" ती म्हणाली, "बरा नाना. तुमी बोलताव तर तसाच असल." समजूत काढणाऱ्याची आपण समजूत काढावी तसं. आणि हात धुऊन, मला पुन्हा एकदा गालाला हात लावून, ती वळच्या रस्त्याने चालत निघाली.

त्यानंतर ती गायली नाही. आमंत्रणं गेली, माणसं गेली, इद्रिसभाई स्वतः वळपर्यंत जाऊन आला. तिने त्याला चहा पाजला, घरची विचारपूस केली, आणि गाण्याचं काढल्यावर म्हणाली, "आता सूर न्हाय लागत, दादा." कंपनीचा माणूसही येऊन परत गेला. दामूकाकाने मात्र एक नेम धरला. लग्न कुठल्याही गावात असो, मांडव कुठेही घातलेला असो, तो आधी एक भोंगा वळच्या दिशेला फिरवायचा. मांडवाला ऐकू जावो न जावो. पहिली रेकॉर्ड तिची, आणि भोंग्याचं तोंड वळकडे. बॅटरी गेली, वीज आली, त्याचे केस गेले, भोंगे गंजले, तरी हे सुटलं नाही. तो असेपर्यंत आमच्या पट्ट्यात एकही सराई तिच्या गाण्याशिवाय गेली नाही. त्याला वाटायचं, आज ना उद्या तिला पटेल. मलाही वाटायचं. सासरी भिवंडीत बसून मी स्वतःला सांगायचे, इतक्या वर्षांत तिला कळलंच असेल, रोज ऐकतेय ती. आधी दामूकाका गेला, मग ती गेली, आणि मी त्याच समजुतीवर दिवस काढले.

परवा त्या लॉनवर पेट्या थोड्या वेळासाठी बंद झाल्या, जेवणाची घाई सुरू झाली. मी कानातले बोळे काढले आणि पार्वतीवहिनीला विचारलं. इतक्या वर्षांत विचारायचा धीर झाला नव्हता. म्हटलं, "वहिनी, दामूकाकाचा भोंगा यायचा ना तुमच्याकडे ऐकू? तिचं गाणं?"

"यवाचा तं," वहिनी म्हणाली. "साफ यवाचा. येक शब्द चुकाचा न्हाय."

"मग ती काय म्हणायची?"

वहिनीने मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडे फिरवले. मग जिथे पूर्वी त्यांचा बांध होता त्या बाजूला, गोदामाच्या पत्र्याकडे बघत राहिली.

"काय म्हनाची? हातातला काम सोराची न्हाय. गाना संपला का मना हाळूच बोलाची, 'वयनी, आज पन कोनाला तरी दया आयली बघ.'"